धागा: अपघात नकाशावर मांडले, पण लाल डाग भलत्याच जागी पडतोय. सोलापूरकरांनो, जरा बघा

भूगोलबाई | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहते, शाळेत भूगोल शिकवते, शाळा शहराबाहेर पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे, रोज स्कूटीनं जाते-येते. गेल्या दिवाळीनंतर त्याच रस्त्यावर माझ्या भाच्याला मागून गाडीनं उडवलं. पोरगं वाचलं, पायात रॉड आहे, अजून लंगडतं. सिव्हिलला डबा घेऊन जायचे तेव्हा वॉर्डात आणखी दोघं त्याच रस्त्यावरचे निघाले. तिघांचेही नातेवाईक एकमेकांना विचारतायत तुमचं कुठं झालं, आणि तिघंही म्हणतायत "पुलाच्या अलीकडं". तेव्हापासून डोक्यातून जाईना, म्हणलं हे एकदा नकाशावर मांडून बघायचंच.

तीन वर्षांची पेपरातली कात्रणं जमवली, शाळेतल्या दोन पोरांनी ग्रंथालयात बसून मदत केली. नकाशे करायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर फुकट मिळतं ते उतरवून घेतलं, बातमीत जे गाव लिहिलंय ते शोधून प्रत्येक अपघाताचा ठिपका टाकला आणि हीटमॅप काढला, म्हणजे जिथं ठिपके दाट तिथं रंग गडद. तर सगळ्यात गडद लाल डाग पडला गावठाणात, मारुतीच्या देवळापाशी! तिथून हायवे दीड किलोमीटर लांब आहे. आणि शहराचा भाग तर सगळाच केशरी. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच बदनामी नको. माझं नेमकं काय चुकतंय?

शेंगाचटणी | रविवार, रात्री ९:२०

बाई, आधी भाच्याला लवकर बरं वाटू दे. आणि मारुतीरायाच्या दारात कुणाला काही होत नाही, तेवढं नक्की चुकलंय बघा :)

त्रेचाळीस_उत्तर | रविवार, रात्री ९:५१

मॅडम, चूक सापडली. तुम्ही गावाचं नाव टाकून जागा शोधली, तर सॉफ्टवेअर गावाच्या नावाचा जो एक बिंदू साठवलेला असतो तिथंच ठिपका ठेवतं, आणि तो बहुतेक गावठाणात असतो. म्हणजे हायवेवरचे दहा वेगवेगळे अपघात एकमेकांच्या डोक्यावर एकाच बिंदूवर बसले. तुमचा लाल डाग अपघातांचा नाहीये, बातमीदारानं गावाचं नाव किती वेळा लिहिलं त्याचा आहे.

मी जीआयएसचंच, म्हणजे संगणकावर नकाशे करायचंच काम करतो त्यामुळं अजून चार गोष्टी सांगून ठेवतो, पुढं त्रास वाचेल.

अक्षांश-रेखांश लिहिताना दशांशानंतर किमान चार आकडे ठेवा. १७.६६ एवढंच लिहिलं तर जागा किलोमीटरभर इकडंतिकडं होऊ शकते, चार आकडे लिहिले की ती चूक दहा-अकरा मीटरच्या आत येते. सहा-सात आकडे लिहून काही फायदा नाही, मोबाईलचं जीपीएसच पाच-दहा मीटर हलत असतं. दुसरं, आधी अक्षांश मग रेखांश हा क्रम सांभाळा, उलटं टाकलं तर आपलं सोलापूर थेट नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्डच्या खालच्या समुद्रात जाऊन पडतं, नवीन पोरांच्या फाइलीत मी हे कितीदा तरी बघितलंय. तिसरं, हीटमॅप काढायच्या आधी नकाशा मीटरच्या मापात आणा. आपला भाग यूटीएमच्या (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत) झोन ४३ उत्तरमध्ये येतो, सॉफ्टवेअरमध्ये ३२६४३ हा कोड टाका. अंशातच ठेवलं तर त्रिज्येत टाकलेल्या ५०० चा अर्थ ते ५०० मीटर धरत नाही.

आणि चौथं म्हणजे त्रिज्या, एका ठिपक्याचा रंग किती लांब पसरवायचा ते अंतर, सगळा खेळ तिच्यावर आहे. दोन किलोमीटरची त्रिज्या दिली की सगळं शहर एकच गोळा दिसतं, पन्नास मीटरची दिली की प्रत्येक ठिपका सुटा राहतो. हायवेसाठी २०० ते ५०० मीटर अशी वेगवेगळी देऊन बघा. जो डाग सगळ्या त्रिज्यांत टिकून राहतो त्याच्याकडं आधी लक्ष द्या.

कन्नाचौक | रविवार, रात्री १०:३०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नकाशानं काय होणारे? लोक हेल्मेट घालत नाहीत, उलट्या बाजूनं येतात, ट्रिपल सीट फिरतात, दारू पिऊन चालवतात. अपघात माणूस करतो, रस्ता नाही. माझा चुलत भाऊ हेल्मेट हँडलला अडकवून गेला, ते हँडललाच राहिलं. त्याला कुठला नकाशा वाचवणार होता?

साबां_निवृत्त | रविवार, रात्री ११:०५

कन्नाचौक, तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. हेल्मेटबद्दल वादच नाही. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यातली ४४ टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती.

पण मी बांधकाम खात्यात हयात घालवली, म्हणून एक विचारतो. तोच बेशिस्त माणूस, तीच दारू, तीच गाडी. आधीचे तीस किलोमीटर त्यानं पार केलेले असतात. मग तो त्या विशिष्ट दोनशे मीटरमध्येच का पडतो, आणि त्याच्या आधी तिथंच दुसरा का पडलेला असतो? माणसाचा स्वभाव तर रस्ताभर सारखाच पसरलेला असतो. एका जागी अपघात गोळा झाले की तिथं रस्त्यानं काहीतरी केलेलं असतं. कुठं साईडपट्टी डांबरापासून अर्धा फूट खाली गेलेली असते, कुठं वळणाला उतार उलटा दिलेला असतो, कुठं झाडाच्या फांदीमागं बोर्ड गेलेला असतो. माणूस चुकणारच. चुकला तरी मरू नये एवढं काम रस्त्याचं आहे. स्वीडननं १९९७ ला हाच विचार कायद्यात घातला.

केंद्राची ब्लॅकस्पॉटची व्याख्या सांगतो, बाईंना उपयोगी पडेल. राष्ट्रीय महामार्गाचा साधारण ५०० मीटरचा तुकडा, त्यात मागच्या तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमी असलेले ५ अपघात, नाहीतर एकूण १० मृत्यू.

कन्नाचौक | रविवार, रात्री ११:१२

हां, हे "आधीचे तीस किलोमीटर" पटलं. वाचतोय.

निवृत्त_अंमलदार | सोमवार, सकाळी ६:४०

राम राम. मी ठाणे अंमलदार म्हणून रिटायर झालो. पेपरातल्या बातमीवर ठिपके टाकू नका ताई, बातमीदार फोनवरून विचारून "अमुक गावाजवळ" एवढंच लिहितो.

तुम्हाला पाहिजे ती जागा घटनास्थळ पंचनाम्यात असते. आम्ही चतुःसीमा लिहायचो. पूर्वेस अमक्याची शेतजमीन, पश्चिमेस डांबरी रोड, दक्षिणेस पाच पावलांवर लिंबाचं झाड, उत्तरेस बंद पडलेली टपरी. टपरी गेली असंल पण लिंब असतंय. तुम्ही भूगोलाच्या बाई, चतुःसीमा हातात आली तर अर्ध्या तासात जागा काढाल. एफआयआर ऑनलाइन बघायला मिळतो, त्यात घटनास्थळ आणि ठाण्यापासूनचं अंतर-दिशा असते. पंचनाम्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करा, लोकांची नावं झाकून द्या म्हणावं.

आता २०२१ पासून अपघाताच्या नोंदीचं आयरॅड अ‍ॅप आलंय, मद्रास आयआयटी आणि एनआयसीनं बनवलेलं, पहिल्या सहा राज्यांत आपला महाराष्ट्र होता. अंमलदारानं जाग्यावर उभं राहून मोबाईलमध्ये नोंद करायची, जीपीएस आपोआप येतं. चांगलं आहे. पण खरं सांगतो, रात्री दोन वाजता जखमी उचलायचा का मोबाईल काढायचा? ट्रॅफिक तुंबलेलं, वरून पाऊस. मग काही जण सकाळी ठाण्यात येऊन चहा घेत फॉर्म भरतात आणि ठिपका हातानं हलवला नाही की तो ठाण्याच्या आवारातच बसतो. म्हणून पोलीस ठाण्यावर लाल डाग दिसला तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

अजून एक, हद्द. शहर आयुक्तालय वेगळं, ग्रामीण एसपी ऑफिस वेगळं. समजा हद्दीच्या दगडापाशी पाच अपघात झाले, तीन यांच्या रजिस्टरला, दोन त्यांच्या. वर बांधकामवाल्या साहेबांनी सांगितलेली व्याख्या दोघांच्याही यादीत पुरी होत नाही. जागा एकच, पण कुणाच्याच कागदावर ब्लॅकस्पॉट नाही. हे मी नोकरीत असताना दोनदा तोंडी बोललो होतो.

त्रेचाळीस_उत्तर | सोमवार, सकाळी ८:१५

काका, हे सोनं दिलंत. अगदी हेच ५०० मीटरच्या तुकड्यांबाबतही होतं. किलोमीटरच्या दगडापासून मोजून ठरावीक तुकडे पाडले आणि अपघातांचा झुबका नेमका दोन तुकड्यांच्या सांध्यावर असला तर तो अर्धा-अर्धा वाटला जातो. म्हणून तुकडा सरकता ठेवायचा, दर ५० मीटरला पुढं ढकलत मोजायचं. आणि अंतर रस्त्यावरून मोजायचं, हवेतून नाही. साधा हीटमॅप शेतातही लाल रंग सांडतो, ज्वारीत कुणाचा अपघात होत नाही.

एकशेआठ | सोमवार, दुपारी २:२२

मी १०८ वर डॉक्टर आहे, ड्युटी संपवून लिहितोय. आमच्या बाजूनं एक गोष्ट जी नकाशात कधीच दिसत नाही: बाजू.

फोन येतो, "ढाब्याजवळ या लवकर". एकाच नावाचे चार ढाबे, एकाच्या पुढं न्यू, एकाच्या मागं न्यू. बरं ढाबा कळला, पण चारपदरी रस्त्याच्या कुठल्या अंगाला? सोलापूरकडं येणाऱ्या का बाहेर जाणाऱ्या? आमचा पायलट, म्हणजे ड्रायव्हर, चुकीच्या बाजूनं गेला तर मध्ये दुभाजक, समोर रक्तानं भरलेला माणूस दिसतोय, लोक हात करतायत, आणि आम्हाला पुढच्या पंक्चरपर्यंत, म्हणजे दुभाजकातल्या वळायच्या जागेपर्यंत, जाऊन वळून यावं लागतं. एकदा मी उतरून बॅग घेऊन दुभाजकावरून उडी मारली, पायलट वळून येईपर्यंत पट्टा बांधून रक्त थांबवलं. ती बाई आता बरी आहे, नंतर एकदा पेढे घेऊन आली होती.

म्हणून ताई, तुमच्या तक्त्यात "तोंड कुठं" असा एक रकाना घ्या. ठिपका रस्त्याच्या मधोमध टाकला की ही माहिती मरते.

आणि सगळ्यांनाच सांगतो. हायवेच्या कडेला दर २०० मीटरला छोटा दगड असतो, त्यावर २, ४, ६, ८ असे आकडे, आणि किलोमीटरला मोठा दगड. फोन करताना तो आकडा सांगा आणि गाडीचं तोंड कुठं होतं ते सांगा. मदत करणाऱ्याला पोलीस अडकवत नाहीत आता, २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्यातच संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही. घाबरून पुढं जाऊ नका.

शेंगाचटणी | सोमवार, दुपारी २:४०

डॉक्टरसाहेब, पेढ्याचं वाचून डोळ्यात पाणी आलं. दगडाचं मला चाळीस वर्षात ठाऊक नव्हतं. आत्ता लांबोटीला चिवडा घ्यायला थांबलोय, तर मुद्दाम शोधून बघितला. बायको म्हणते चिवडा सोडून दगड काय बघतोयस बे! आणि हो, चिवडा घ्यायला थांबलात तर गाडी पार आत घ्या, निम्मी गाडी रस्त्यावर ठेवू नका.

उसाचा_फड | सोमवार, रात्री ८:३०

आता ह्यात ट्रॅक्टर येणारच, म्हणून आधीच बोलतो. माझा ट्रॅक्टर हाय, सीझनला डबल ट्रॉली कारखान्याला जाती. अपघात झाला की पेपरात "उसाच्या ट्रॉलीला धडक" छापून मोकळे. आमची चूक नाय असं म्हणत नाय. पर बघा, ऊस ट्रॉलीच्या मागं चार-पाच फूट लोंबत असतोय, रिफ्लेक्टर लावला तरी वाढ्याखाली, शेंड्याच्या पाल्याखाली, झाकून जातोय. मागचा दिवा तर पहिल्याच खड्ड्याला जातोय. टायर बसला तर रात्रभर जाग्यावर, पोरं चाकाला दगड लावत्यात आणि ट्रॉली हलली तरी दगड तिथंच राहत्यात. त्या दगडावर सकाळी मोटरसायकलवाला पडतोय. ते कुठल्या रजिस्टरला "ट्रॉली" म्हणून लागतंय सांगा?

आपल्या जिल्ह्यात तीसच्या वर कारखाने हायत. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रस्ता येगळा आणि पावसाळ्यात येगळा. बाईंनी वर्षाचा एकच नकाशा केला तर आमचा महिना त्यात बुडून जाणार.

त्रेचाळीस_उत्तर | सोमवार, रात्री ८:५५

दादा बरोबर. मॅडम, महिन्याचा आणि तासाचा रकाना घ्या, आणि नकाशे वेगळे काढा. गाळपाचा एक, बाकी वर्षाचा एक. दिवसाचा एक, संध्याकाळी ६ ते ९ चा एक. देशभरातच ६ ते ९ हे तीन तास सगळ्यात वाईट असतात.

वेगाचं गणित पण सांगतो, दादांच्या ट्रॉलीशी त्याचा संबंध आहे. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ट्रॉली दिसून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद, तेवढ्यात ३३ मीटर गेले, ब्रेक दाबल्यावर चांगल्या कोरड्या रस्त्यावर अजून साधारण ३५. म्हणजे ६८ मीटर. डीपरवर हेडलाइट चाळीस-पन्नास मीटर नीट दाखवतो. दिसलं तेव्हाच उशीर झालेला असतो. ताशी ५० असते तर तेच गणित ३५ मीटरच्या आसपास येतं.

हुतात्मानं_येजा | सोमवार, रात्री १०:२०

मी पुण्यात विम्याच्या आकडेवारीचं काम करतो, दर शनिवारी घरी येतो. भूगोलबाईंच्या दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही, शहर केशरी का दिसतंय?

कारण शहरात गाड्या जास्त. सात रस्ता चौकातून दिवसाला जेवढी वाहनं जातात तेवढी तुमच्या शाळेच्या रस्त्यावरून महिन्यात जात नसतील. नुसते अपघात मोजले तर नकाशा फक्त गर्दी कुठंय ते दाखवतो, आणि ते सोलापूरकराला नकाशाशिवाय माहितीये. भागायला पाहिजे. समजा एका चौकात वर्षाला १० अपघात आणि रोज ५०,००० वाहनं, दुसरीकडं ४ अपघात आणि रोज ५,०००. दर वाहनामागं दुसरी जागा चौपट धोक्याची. आणि वजन द्या, आरसा तुटलेला आणि माणूस गेलेला हे दोन्ही एकाच ठिपक्यात मोजू नका.

आणखी एक खोड आहे आकड्यांची. एका वर्षी कुठं खूप अपघात झाले म्हणून ती जागा निवडली, बोर्ड लावला, पुढच्या वर्षी अपघात कमी झाले आणि सगळे म्हणाले बोर्डानं काम केलं. पण विक्रमी पावसाच्या पुढच्या वर्षी पाऊस बहुतेक कमीच पडतो की, त्यात कुणाचं काही कर्तृत्व नसतं. म्हणून तीन वर्षं आधीची आणि तीन वर्षं नंतरची बघायची, आणि शेजारच्या तशाच पण काही न केलेल्या रस्त्याशी ताडून बघायचं.

साबां_निवृत्त | सोमवार, रात्री १०:४५

भागाकार बरोबर, पण एक सावधगिरी. वाहनांनी भागलं की पायी चालणारा हिशेबातूनच जातो. २०२२ मध्ये गेलेल्यांत जवळजवळ पाचवा हिस्सा पादचारी होते. टोलनाक्यावर गाड्या मोजतात, म्हातारीला कोण मोजतं?

हुतात्मानं_येजा | सोमवार, रात्री १०:५२

मान्य. पादचाऱ्यांचा नकाशा वेगळाच काढायला हवा.

अनवाणी | मंगळवार, सकाळी ७:०५

मी पायी चालणाऱ्यांतली. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाते, पंचेचाळीस किलोमीटर, अकरा वर्षं झाली. एक लक्षात आलंय ते सांगते. अनवाणी माणूस डांबरावर चालत नाही, खडी टोचते, दुपारी तापतं. साईडपट्टीवर काटे, काचा. म्हणून सगळे कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालतात, तो गुळगुळीत असतो आणि कमी तापतो. म्हणजे ज्या रेषेवर गाडीवाला टायर ठेवतो, त्याच रेषेवर आमचे पाय. इंजिनिअर साहेबांनी रेषेच्या बाहेर दीड फुटाची गुळगुळीत पट्टी दिली तर लोक आपोआप तिकडं सरकतील, कुणी ओरडायला नको. त्या रात्री बंदोबस्त असतो, वाहतूक वळवतात, तेव्हा भीती नसते. भीती आदल्या-मागल्या रात्री सुट्यासुट्या निघणाऱ्यांची.

साबां_निवृत्त | मंगळवार, सकाळी ७:३०

ताई, इतकी वर्षं नोकरी करून हे कधी सुचलं नाही. वहीत लिहून घेतलं.

कन्नाचौक | मंगळवार, दुपारी १२:१०

एक शंका. ज्या जागेवर ठिपकाच नाही ती जागा चांगली असं धरायचं का?

भूगोलबाई | मंगळवार, रात्री ९:३०

कन्नाचौक दादा, हा प्रश्न मला वर्गात कुणी विचारला असता तर पाठ थोपटली असती. मी पोरांना जॉन स्नोचा नकाशा शिकवते. १८५४, लंडनचं सोहो, कॉलरा. त्यानं मेलेल्यांची घरं नकाशावर मांडली आणि बहुतेक सगळी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती गोळा झाली. पण मला आवडतो तो त्यातला रिकामा भाग. पंपाजवळच एक दारूची भट्टी होती, तिथले कामगार वाचले, कारण ते पाणी न पिता भट्टीतलंच पेय पीत होते. जवळच्या गरिबांच्या आश्रमात स्वतःची विहीर होती, तिथं अगदी थोडे गेले. म्हणजे कोरी जागाही बोलते, तिला कारण विचारलं पाहिजे.

तुमचं वाचल्यावर मी माझ्या नकाशात शाळेसमोरचा रस्ता बघितला. तीन वर्षांत एकही ठिपका नाही. आज वर्गात विचारलं, पलीकडच्या वस्तीवरून सायकलनं कोण येतं? एकही हात वर नाही. आधी यायच्या म्हणे मुली. आयांनी बंद केलं, आता वडापमध्ये बसून येतात, ज्यांना परवडत नाही त्या दोघी सातवीनंतर घरीच आहेत. नकाशावर ही जागा कोरी, सुरक्षित. आज मला नीट जेवण गेलं नाही.

सगळ्यांचं वाचून सगळं परत करायला घेते. दोन आठवडे द्या.

शेंगाचटणी | मंगळवार, रात्री ९:४१

घ्या बाई, सावकाश करा. आम्ही हाय इथंच.

भूगोलबाई | दोन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:०५

आले. मोठं लिहितेय, सांभाळून घ्या.

कात्रणं बाजूला ठेवली. एफआयआरवरून ठाण्यापासूनचं अंतर-दिशा घेतली, माझ्या रस्त्यावरच्या काही जागा अंमलदार काकांच्या युक्तीनं चतुःसीमेवरून काढल्या. एका पंचनाम्यात "उत्तरेस बंद पडलेला काटा" होता, आधी कळेना, मग तिथल्या म्हाताऱ्यानं सांगितलं इथं पूर्वी वजनकाटा होता, त्याचा सिमेंटचा ओटा अजून आहे. प्रत्येक ठिपक्याला महिना, तास, तोंड कुठं, पायी का गाडीवर, आणि इजा किती. झोन ४३ लावला. त्रिज्या २००, ३००, ५००. देवळापाशी आता काहीच नाही. लाल डाग हायवेवर गेला आणि सगळ्या त्रिज्यांत तिथंच राहिला. संध्याकाळी ६ ते ९. ठिपके जवळजवळ सगळे सोलापूरकडं तोंड असलेल्या बाजूला. आणि निम्मे पायी चालणारे, ही गोष्ट मला आधी कुठूनच दिसली नव्हती. वॉर्डातले तिघं "पुलाच्या अलीकडं" म्हणत होते ना, तीच जागा.

मग मागच्या गुरुवारी मी आणि माझे मिस्टर सव्वासहाला तिथं जाऊन साईडपट्टीच्याही बाहेर उभे राहिलो, आठ वाजेपर्यंत. एसटीचा थांबा एका बाजूला आहे, वस्ती दुसऱ्या बाजूला. ओलांडायची अधिकृत जागा मिस्टरांनी पावलं मोजत बघितली, नऊशे मीटर निघाली. थांब्याच्या बरोबर समोर दुभाजकातली दोन झाडं मेलीत आणि मधली माती पायांनी दगडासारखी घट्ट झालीये. तिथून लोक जातात. सातला कारखान्याची पाळी सुटली, बायका उतरल्या, डब्याची पिशवी डोक्यावर घेऊन दुभाजकात चढल्या आणि तिथं थांबल्या. कारण पुढची बाजू दिसत नाही. खांब आहे, दिवा लागत नाही. पुलावरून उतारानं गाड्या येतात आणि पुलाच्या कठड्यामुळं त्यांचा उजेड शेवटच्या क्षणी दिसतो. एक बाई दोनदा पाऊल टाकून दोनदा मागं आली. तिच्या पायाखाली मातीत फुटलेल्या हेडलाइटच्या काचा आणि एक लहान मुलाची निळी चप्पल रुतलेली होती. ती चप्पल मी उचलली नाही, का ते सांगता येणार नाही.

आता पुढं काय मागायचं ते सांगा. गावातले लोक म्हणतायत गतिरोधक मागा.

साबां_निवृत्त | रविवार, रात्री १०:४०

बाई, गतिरोधक मागू नका. राष्ट्रीय महामार्गावर ते मंजूर होत नाहीत, आणि उताराला गतिरोधक म्हणजे मागून येणारा ट्रक थांबलेल्यावर चढतो. क्रमानं मागा. पहिलं, दिवा, तो आठवड्यात लागू शकतो. दुसरं, थांबाच पुलापासून लांब, दिसेल अशा जागी सरकवणं, हे जवळजवळ फुकटात होतं. तिसरं, पुलाच्या आधी रंबलर (गाडी खडखडवणाऱ्या बारीक पट्ट्या), ब्लिंकर आणि वेगमर्यादेचा बोर्ड. चौथं, कायमचा उपाय म्हणून पादचारी भुयारी मार्ग किंवा पूल, त्याला वर्षं लागतील पण अर्जात आजच लिहा. दुभाजकाला नुसती जाळी मारून बंद करा असं म्हणू नका. नऊशे मीटर कुणी चालत जाणार नाही, जाळी वाकवतील.

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला करा, प्रत महामार्ग प्रकल्प कार्यालयाला. नकाशा एकाच पानावर, आणि संध्याकाळचा फोटो जोडा. भाषा मी बघून देतो.

निवृत्त_अंमलदार | रविवार, रात्री १०:५८

पोच घ्या. शिक्का आणि आवक नंबर. तोंडी काही नको.

कन्नाचौक | रविवार, रात्री ११:१५

माझं पहिलं पोस्ट वाचून आता कसंतरी वाटतंय. मी प्रिंटिंगचं काम करतो, रंगीत नकाशे किती प्रती लागतील सांगा, पैसे घेणार नाही.

उसाचा_फड | सोमवार, सकाळी ५:५०

आमच्या वस्तीवर बैठक घेतली. बावीस ट्रॉल्या हायत. ऊस भरल्यावर वाढ्यावरून लोंबकळंल असा लाल चमकी कपडा शिवायचं ठरलंय, खाली झाकणार नाय. आणि टायर बसला तर दगड उचलल्याशिवाय मुकादम पोरांस्नी उचल देणार नाय. बाई, दिवा लागंस्तवर त्या खांबावर एक चमकी पट्टी मारू का? शिडी हाय माझ्याकडं.

साबां_निवृत्त | सोमवार, सकाळी ६:३०

खांबाला हात लावू नका, वायर उघडी असू शकते. पट्टी थांब्याच्या शेडला मारा, ग्रामपंचायतीला विचारून.

एकशेआठ | सोमवार, दुपारी १:१०

ताई, त्या जागेचा दगड पाठवा. आमच्या गाडीत डॅशबोर्डवर चिकटवतो, पुढच्या पाळीच्या पायलटलाही सांगतो.

भूगोलबाई | सोमवार, दुपारी ४:२५

डॉक्टर, किलोमीटरचा आकडा तुम्हाला वेगळा कळवते. सोलापूरकडं तोंड करून डाव्या हाताला, ६ लिहिलेल्या छोट्या दगडापासून चाळीस पावलं पुढं. रात्री आलात तर वजनकाट्याचा ओटा दिसेल, तिथून बाजू चुकणार नाही.